विज्ञानपटाला गुण द्यायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आठ-दहा जण कुणा एकाच्या घरी जमतो, भिंतीवर एखादा विज्ञानपट बघतो, मग जेवायला बसतो आणि जेवताना भांडतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे "हे खरंच शक्य आहे का हो?" हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्याच ताटात येऊन पडतो. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत. गटातल्या निम्म्या लोकांना ती पटत नाहीत, आणि त्यांचं म्हणणंही जिथे मला महत्त्वाचं वाटलं तिथे लिहिलं आहे.

पडद्यावर अवकाशयान दिसलं की तो विज्ञानपट झाला का?

नाही. विज्ञानपटाच्या मुळाशी एक 'समजा' असतो. समजा, मूल जन्मायच्या आधीच त्याची जनुकं निवडता आली, तर नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतील? 'गॅटाका' (१९९७) एवढ्या एका प्रश्नावर उभा आहे. त्यातली यानं लांबून आकाशात जाताना दिसतात. बाकी सगळी गोष्ट कचेरीत, घरात आणि रक्ताच्या थेंबाच्या तपासणीत घडते. सिनेमाचं नावसुद्धा डीएनएतल्या जी, ए, टी, सी या चार अक्षरांतून जुळवलेलं आहे. टीकाकार डार्को सुविन यांनी १९७०च्या दशकात या 'समजा'ला 'नोव्हम' म्हटलं: आपल्या जगात नसलेली, पण बुद्धीला पटवता येणारी एक नवी गोष्ट, जिच्यामुळे कथेतलं सगळं जग बदलतं.

माझी कसोटी सोपी आहे. तो 'समजा' काढून घ्या आणि बघा, गोष्ट उरते का? जशीच्या तशी उरत असेल तर तो गुन्हेपट आहे, प्रेमपट आहे, युद्धपट आहे. त्याच्यावर विज्ञानाचा वर्ख लावलेला आहे एवढंच.

मग 'स्टार वॉर्स'चं काय?

राजकन्या, तलवारी, गुरू-शिष्य आणि एक अदृश्य शक्ती. माझ्या मते हे अद्भुतकथेचं घराणं आहे, आणि त्या घराण्यात १९७७चा पहिला सिनेमा फार वरचा आहे. विज्ञानकथेच्या वाचकांनी मात्र तो आपलाच मानला. १९७८ साली त्याला त्यांच्या मतांनी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यात 'पार्सेक' हे एकक वेळेचं असल्यासारखं वापरलंय यावर दरवेळी कुणीतरी बोट ठेवतं. पार्सेक हे अंतर आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं, हे खरं. पण राजकन्येच्या गोष्टीत घोडा ताशी किती कोस धावला हे आपण मोजत बसत नाही. या सिनेमाला मी त्याच नजरेने बघते.

विज्ञानाची चूक सापडली की गुण कापायचे का?

हा आमच्याकडचा सगळ्यात जुना वाद. सुरुवातीला मी निर्दयपणे कापायचे. आता चूक कुठल्या जातीची आहे ते आधी बघते.

'ग्रॅव्हिटी' (२०१३) घ्या. अपघातानंतर अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठीवरच्या यंत्राने तरंगत जातात. सिनेमा आला तेव्हा हबल साधारण ५५० किलोमीटर उंचीवर फिरत होती, स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास. पण खरी अडचण उंचीची नाही, कक्षांच्या कलाची आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली, स्थानकाची ५१.६ अंशांनी. एका कक्षेतून दुसरीत जायचं तर वेग निदान सेकंदाला ३ किलोमीटरने बदलावा लागेल. पाठीवर बांधायचं जे यंत्र नासाने १९८०च्या दशकात प्रत्यक्ष वापरलं, त्याची ऐपत सेकंदाला पंचवीस-एक मीटरची होती. म्हणजे तो प्रवास होणे नाही.

तरी मी त्या चुकीचे गुण कापत नाही. कारण सिनेमाने जो अनुभव द्यायचं ठरवलंय, म्हणजे पायाखाली काहीच नसणं, ढकललं की ढकललेल्या दिशेला जातच राहणं, आवाज फक्त हातमोज्यातून आणि हेल्मेटमधून अंगात शिरणं, तो अनुभव भौतिकशास्त्राशी प्रामाणिक आहे. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना मी या सिनेमाचा दाखला देते आणि कक्षांचं गणित वर्गातच सोडवून घेते. मुलांना दोन्ही आवडतं. मात्र दोरीला लटकलेला सहकारी सोडून देतो, त्या दृश्याचे मी कापते. तिथे सगळे थांबलेले आहेत, दोरी ताणलेली आहे, आता खेचणारं बल कुठलंच उरलेलं नाही. एक हलका हिसका दिला असता तरी तो परत आला असता. ज्या भारहीनतेवर सगळा सिनेमा उभा आहे, तीच त्या एका अश्रूसाठी मोडली.

'द मार्शियन'मधलं (२०१५) वादळ याच्या उलट आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं ताशी १६० किलोमीटरचं वारं आपल्याकडच्या ताशी वीस-एक किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच धक्का देईल. त्याने वाळत घातलेले कपडे उडतील, यान कलंडणार नाही. मूळ कादंबरीच्या लेखकाने हे माहीत असूनही गोष्ट सुरू करण्यासाठी वादळ घेतलं, आणि तसं उघडपणे सांगितलं. एकदा तो माणूस मंगळावर एकटा राहिला की पुढचे बटाटे, पाणी, प्राणवायू यांचा हिशोब काटेकोर चालतो. दार उघडायला एक खोटी किल्ली वापरली, पण आत घर खरं आहे.

आणि ज्याला सगळे अचूकतेचा मेरुमणी मानतात त्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्येही (१९६८) चुका आहेत. भारहीन यानात नळीने ओढलेलं द्रवरूप अन्न तोंड काढल्यावर परत खाली उतरतं. हेल्मेटशिवाय निर्वातात उडी मारण्याआधी अंतराळवीर श्वास कोंडून धरतो. खरं तर सोडायला हवा, नाहीतर फुप्फुसं फाटतील. आर्थर क्लार्क यांनीही हे मान्य केलं होतं. यासाठी अर्धा गुणसुद्धा जात नाही.

मग माफी नाही अशी चूक कुठली?

स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडणं. माझ्या सगळ्या गुणदानाचा कणा हाच आहे.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण: 'मिस्टर इंडिया' (१९८७). माणूस अदृश्य झाला तर त्याच्या डोळ्यांतला पडदाही पारदर्शक होईल, प्रकाश त्यावर थांबणार नाही आणि तो ठार आंधळा होईल. विज्ञान म्हणून ही कल्पना पहिल्याच मिनिटाला पडते. पण सिनेमा सांगतो की लाल प्रकाशात तो दिसतो, आणि हे वचन पाळतो. मारामारी, विनोद, धोका सगळं त्या लाल प्रकाशाभोवती फिरतं. बघणाऱ्या पोरालाही नियम कळलेला असतो, म्हणून लाल दिवा लागला की त्याच्या पोटात गोळा येतो. याला मी निभावणं म्हणते.

'प्रायमर' (२००४) त्याच्या दुसऱ्या टोकाला. कालप्रवासाचा नियम एकच: जितके तास मागे जायचं तितके तास त्या पेटीत पडून राहायचं. सहा तास मागे, तर सहा तास पेटीत. या साध्या अटीतून थकवा येतो, शंका येते, मैत्री तुटते. ७७ मिनिटांत एकदाही ती अट सैल होत नाही.

आता 'द मेट्रिक्स' (१९९९). यंत्रं माणसांना विजेसाठी पाळतात. माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता देतं, पण तेवढ्यासाठी त्याहून जास्त ऊर्जेचं अन्न घालावं लागतं. हा धंदा कायम तोट्याचा. इथे विज्ञान चुकलंय आणि पायाच कच्चा आहे, तरी मी थोडेच कापते, कारण 'आपण जे बघतोय ते खरं कशावरून' हा त्याचा खरा 'समजा' आहे आणि तो त्यांनी पहिल्या सिनेमात शेवटपर्यंत सांभाळलाय. आमच्यातले एक निवृत्त काका इथे माझ्याशी कडाडून भांडतात. ते म्हणतात, बाई, मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात पहिलीच ओळ चुकली तर पुढची बेरीज बरोबर आली म्हणून तुम्ही सही कराल का? हा मुद्दा मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही.

तुम्ही प्रत्यक्षात गुण कसे देता?

दहापैकी. कागदावर तीन गोष्टी लिहिते: 'समजा' किती मोलाचा, तो किती निभावला, आणि तो कुणा माणसाला लागला का. तिन्हींची सरासरी काढत नाही. निभावण्याचं वजन सगळ्यात जास्त धरते.

दोन नियम मात्र कडक आहेत. पहिल्या वेळचा आकडा पेन्सिलीने लिहायचा, आणि शेजारी तारीख टाकायची. निदान सहा महिन्यांनी पुन्हा बघितल्याशिवाय पेनने लिहायचा नाही. माझ्या वहीत '२००१'समोर आधी ४ आहे, कॉलेजात असताना छोट्या टीव्हीवर पाहिला होता तेव्हाचा. त्याच्या खाली नऊ वर्षांनंतरची तारीख आणि ९. पहिला आकडा मी खोडलेला नाही. तो त्या वेळी खरा होता, आणि मोठ्या पडद्यावर बघण्याने काय बदलतं याचा माझ्याकडचा तो सगळ्यात चांगला पुरावा आहे.

दुसरा नियम: एकमेकांचे आकडे ऐकायच्या आधी प्रत्येकाने आपला लिहून घडी घालून ठेवायचा. पहिला बोलणारा आठ म्हणाला की पुढचे सगळे सात आणि नऊच्या मध्ये येतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं.

दिग्दर्शकाचं नाव बघून मत बदलतं का?

बदलतं, आणि त्यावर एक मराठी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आद्याक्षरं स्वतःचीच, उलट क्रमाने. तोवर ते जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. नाव दिसलं असतं तर परीक्षकांना कथा मोकळेपणाने वाचताच आली नसती. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग खरं नाव कळलं. म्हणून आम्ही कधी कधी कुणालाही सिनेमाचं नाव न सांगता तो लावतो आणि श्रेयनामावली गाळतो. नवख्या दिग्दर्शकांना त्या रात्री जास्त गुण मिळतात.

इंटरनेटवर ९२ टक्के दिसतात. म्हणजे सिनेमा ९२ गुणांचा?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. रॉटन टोमॅटोजची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांना सिनेमा एकूणात बरा वाटला त्याचं प्रमाण. शंभर जणांनी दहापैकी सहा-सहा दिले तर शंभर टक्के. दुसऱ्या सिनेमाला सत्तर जणांनी दहापैकी दहा आणि तिसांनी चार दिले तर सत्तर टक्के. मला दुसरा सिनेमा बघायचाय. विज्ञानपटांत तर जो लोकांना उभा दुभंगतो तो बहुधा पुन्हा बघण्यासारखा असतो.

आयएमडीबीवर प्रेक्षकांच्या मतांची भारित सरासरी असते, म्हणजे सगळ्या मतांना सारखं वजन नसतं. सिनेमास्कोर ही अमेरिकेतली संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना थिएटरच्या दारात विचारते. २००२च्या 'सोलारिस'ला तिथे सर्वांत खालची श्रेणी, 'एफ', मिळाली होती. जाहिरातीत जॉर्ज क्लूनीची प्रेमकथा बघून आलेल्या लोकांसमोर दुःख, अपराधीपणा आणि एक विचार करणारा ग्रह आला. तो आकडा अपेक्षाभंगाचा आहे. सिनेमा सरळ चांगला आहे.

प्रदर्शनाच्या वेळी आपटलेले विज्ञानपट नंतर थोर कसे ठरतात?

२५ जून १९८२. या एका दिवशी अमेरिकेत 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' दोन्ही लागले. दोन आठवडे आधी 'ई. टी.' आला होता आणि लोकांना तो प्रेमळ, मोठ्या डोळ्यांचा पाहुणा हवा होता. 'द थिंग'ला समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपलं, 'ब्लेड रनर'ने खर्चाच्या मानाने निराशा केली. मात्र विज्ञानकथेच्या वाचकांनी १९८३चा ह्यूगो 'ब्लेड रनर'ला दिला, 'ई. टी.'ला नाही. आज दोन्ही सिनेमे या प्रकारातल्या पहिल्या रांगेत बसतात.

'२००१'चंही तसंच. एप्रिल १९६८च्या पहिल्या खेळांतून कित्येक लोक उठून गेले. स्टॅन्ली कुब्रिकने प्रदर्शनानंतर जवळपास १९ मिनिटं कापली. पॉलिन केल यांच्यासारख्या मातब्बर समीक्षिकेला त्यात कल्पनाशक्तीचीच वानवा दिसली. आणि २०२२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा सर्व काळातल्या सर्व प्रकारच्या सिनेमांत हा पहिला आला.

मला याचं कारण असं वाटतं: प्रेमपट बघताना आधीचे शंभर प्रेमपट मोजपट्टी म्हणून हाताशी असतात. खरोखर नवा 'समजा' आणणाऱ्या सिनेमाला अशी पट्टी मिळत नाही. ती पुढच्या दहा-वीस वर्षांत त्याच्यामुळे तयार झालेल्या सिनेमांतून मिळते. जाणकारही यातून सुटत नाहीत. फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'ला १९२७ साली मूर्खपणाचा कळस ठरवणारा लेख दस्तुरखुद्द एच. जी. वेल्स यांनी लिहिला होता.

याचा अर्थ आपटलेला प्रत्येक सिनेमा उद्या थोर ठरेल असा कुणी काढू नये. बहुतेक आपटलेले सिनेमे त्याच लायकीचे असतात.

एकाच सिनेमाच्या चार आवृत्त्या आहेत. कुठलीला गुण देऊ?

जी पाहिली तिला, आणि ती कुठली हे लिहून. नाहीतर दोन माणसं दोन वेगळ्या सिनेमांवर तासभर भांडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. आमच्याकडे हे प्रत्यक्ष झालंय.

'ब्लेड रनर' १९८२ मध्ये लागला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन होतं आणि हिरव्या डोंगरांतून गाडी जाते असा सुखान्त होता. ती दृश्यं 'द शायनिंग'साठी चित्रित केलेल्या उरलेल्या फितीतली होती. १९९२च्या आवृत्तीत निवेदन गेलं, सुखान्त गेला आणि एकशिंगी घोड्याचं एक छोटं स्वप्न आलं. त्या काही सेकंदांमुळे नायक स्वतः माणूस आहे का, हा प्रश्न उभा राहिला. २००७ची आवृत्ती रिडली स्कॉटने अखेरची म्हणून दिली. माझ्या वहीत १९८२च्या आवृत्तीला ६, २००७च्या आवृत्तीला ९. तीन गुणांचा फरक, आणि कॅमेऱ्यासमोर घडलेलं बहुतेक सगळं तेच.

'मेट्रोपोलिस'ची कथा याहून हळवी करणारी आहे. बर्लिनमधल्या पहिल्या खेळांनंतर तो निर्दयपणे कापला गेला आणि कापलेला भाग हरवला. वेल्ससकट दोन-तीन पिढ्यांनी मत दिलं ते त्या अर्धवट गोष्टीवर, अशी दाट शक्यता आहे. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात एक जुनी, ओरखड्यांनी भरलेली, पण बरीच लांब प्रत सापडली आणि २०१०मध्ये जवळजवळ पूर्ण सिनेमा पुन्हा लोकांसमोर आला. त्यातल्या परत आलेल्या दृश्यांवर पावसासारख्या रेघा आहेत. मला त्या रेघा फार आवडतात.

संथ सिनेमाला कमी गुण द्यावेत का?

संथपणा कशासाठी आहे ते विचारा. '२००१'मध्ये पहिली जवळपास पंचवीस मिनिटं कुणी बोलत नाही, कारण बोलणारा प्राणी अजून जन्मायचाय. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या आधीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) एक मोटार टोकियोच्या रस्त्यांवरून, बोगद्यांतून मिनिटामागून मिनिटं जात राहते. माझी मुलगी त्या दृश्यात झोपली. मला तिथे कळलं की नायक पृथ्वी सोडून निघालाय आणि आपण त्याला निरोप देतोय. आम्ही दोघींनी आपापले आकडे लिहिले आणि दोन्ही वहीत आहेत.

सिनेमातलं भाकीत खरं ठरलं तर जादा गुण?

मुळीच नाही. 'ब्लेड रनर'ची गोष्ट नोव्हेंबर २०१९ची. त्यात उडत्या गाड्या आहेत आणि फोन करायला माणूस भिंतीवरच्या यंत्रापाशी जातो. '२००१' आणि 'ब्लेड रनर' दोन्हींत पॅन ॲम कंपनीचं नाव झळकतं. ती १९९१ सालीच बंद पडली. म्हणून काय बिघडलं? माणसासारखं यंत्र बनवलं आणि त्याला मरणाची भीती दिली, तर बनवणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न कालपेक्षा आज जास्त टोचतो. विज्ञानपट पंचांग सांगायला बसलेला नसतो.

पैसा आणि दृश्यकरामत यांना किती महत्त्व?

करामत गोष्टीसाठी राबत असेल तर भरपूर. कुब्रिकने यानाचं फिरतं चाक खरोखर बांधलं, सुमारे ३८ फूट व्यासाचं, आणि त्यात नट धावला. मी विद्यार्थ्यांना त्याचा हिशोब घालते: एवढ्या चाकात चंद्राइतकं गुरुत्व हवं तर मिनिटाला साधारण ५ फेऱ्या, पृथ्वीइतकं हवं तर १२च्या वर. आणि पायांपेक्षा डोक्याला बरंच कमी वजन जाणवेल. एका दृश्यातून एवढं गणित निघतं.

पण क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) २८ मिनिटांचा आहे आणि जवळपास सगळा स्थिर छायाचित्रांचा. एकदाच, क्षणभर, चित्र हलतं: झोपलेली बाई डोळे उघडते. त्या पापण्यांनी मला जे दिलं ते कुठल्याही स्फोटाने दिलेलं नाही. 'प्रायमर' तर ७,००० डॉलरमध्ये झाला आणि सनडान्स महोत्सवात पहिला आला. २०१४ साली आपलं मंगळयान ४५० कोटींत, म्हणजे 'ग्रॅव्हिटी'पेक्षा कमी खर्चात, मंगळाच्या कक्षेत पोचलं याचं कौतुक देशभर झालं. कमी पैशांत मोठा विचार करण्याची सवय आपल्याकडे आहे. ती आपल्या पडद्यावरही यावी असं मनापासून वाटतं.

'इंटरस्टेलर' थोर आहे की फुगवलेला?

आमच्याकडे सगळ्यात जास्त जेवणं या प्रश्नावर गार झाली. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथून पुढच्या प्रश्नावर जावं.

थोर काय ते आधी. कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. म्हणजे काळ साठ हजार पटींहून जास्त मंदावला. यासाठी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने ते विवर अतिप्रचंड आणि जवळजवळ कमाल वेगाने फिरणारं धरलं. सापेक्षतेच्या गणितात ते बसतं. बाप त्या ग्रहावरून परततो तेव्हा यानात २३ वर्षं उलटलेली असतात, आणि तो आपल्या मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक बघतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, आशा सोडतो. सूत्राचा अर्थ माणसाच्या चेहऱ्यावर उमटलेला मी दुसरीकडे इतका स्पष्ट पाहिलेला नाही. समीकरण फळ्यावर लिहून मला जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते त्या दोन-तीन मिनिटांत होतं.

कृष्णविवराचं चित्रही खऱ्या समीकरणांतून काढलं. मात्र एका ठिकाणी तडजोड झाली: विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ आणि दुसरी मंद दिसायला हवी, ते प्रेक्षक गोंधळतील म्हणून गाळलं. एप्रिल २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली खरी प्रतिमा आली, तिच्या कड्याची एक बाजू ठसठशीत उजळ होती. (थॉर्न यांना २०१७चं नोबेल मिळालं ते गुरुत्वीय लहरींसाठी, त्या लहरी टिपणारी एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातली आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.)

आता तक्रार. प्रेम मिती ओलांडून जातं, असं एक शास्त्रज्ञ पात्र मध्येच सांगतं आणि शेवटी पुस्तकांच्या कपाटामागे बाप मुलीशी बोलतो. गटातले अर्धे म्हणतात, इथे विज्ञान सोडून भावनेची फोडणी दिली. मी त्यांच्याशी अर्धीच सहमत आहे. मिती ओलांडणारं एकच बल, गुरुत्व, असं सिनेमाने आधी सांगितलंय, आणि बाप निरोप देतो तो गुरुत्वानेच, घड्याळाच्या काट्याला हिसके देऊन. नियम मोडलेला नाही. मोडलाय तो विश्वास: काटा थरथरताना दिसला असताना संवादांनी तो पुन्हा समजावून का सांगावा? म्हणून ७. आमच्याकडची सगळ्यात धाकटी सभासद, स्थापत्य अभियंता, ९ देते. ती म्हणते, नोकरीसाठी घर सोडून दूर गेलेल्या बापाच्या मुलीला ते कपाट समजावून सांगावंच लागत नाही. यावर मी काही बोलले नाही.

मूळ पुस्तक वाचलेलं असेल तर?

वेगळ्या पानावर लिहा. 'सोलारिस' कादंबरीचे लेखक स्तानिस्वाफ लेम यांना तार्कोव्हस्कीचा सिनेमा रुचला नव्हता. त्यांना ग्रह महत्त्वाचा होता, दिग्दर्शकाला माणसाचं मन. लेखक म्हणून त्यांची नाराजी रास्त होती आणि तरी सिनेमा मोठा आहे. 'अरायव्हल' (२०१६) बघताना टेड चियांगच्या कथेतलं भौतिकशास्त्र बरंचसं गेलंय हे मला खुपलं होतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा त्यातल्या परग्रहवासीयांच्या भाषेच्या वर्तुळाकार खुणांनी ते काम परस्पर केलंय हे दिसलं.

भारतीय, विशेषतः मराठी विज्ञानपटांना थोडी सवलत द्यावी का?

सवलत म्हणजे अपमान. ज्या भाषेत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी लिहिलं, त्या भाषेतल्या सिनेमाकडून अपेक्षा कमी का ठेवायची? सत्यजित राय यांनी १९६०च्या दशकात बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाची पटकथा लिहिली होती, हॉलीवूडच्या कंपनीशी बोलणी झाली, सिनेमा झाला नाही. त्या पटकथेत कमळाच्या तळ्याखाली यान होतं. कल्पनेची गरिबी आपल्याकडे कधीच नव्हती.

मराठी पडद्यावर सुजय डहाकेचा 'फुंतरू' (२०१६) आला. त्याला मी सरळ पट्टीनेच मोजलं: होलोग्राममधून उभी राहिलेली मुलगी हा 'समजा' चांगला, पण निभावताना महाविद्यालयीन प्रेमकथेने त्याला मागे ढकललं. ५ दिले. पण असं धाडस पुन्हा कुणी केलं तर पहिल्या दिवशी तिकीट काढून जाईन. तिकीट काढणं आणि गुण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवट कळलाच नाही. गुण कसे देऊ?

आधी हे ठरवा: सिनेमाने तुम्हाला बुद्ध्या अंधारात सोडलं, की त्यालाच वाट सापडली नाही? ओळखायची खूण अशी की पहिल्या प्रकारात मागची दृश्यं पुन्हा पाहिली तर धागे सापडतात. 'प्रायमर'चा तक्ता आम्ही चार जणांनी जमिनीवर कागद पसरून काढला, रात्रीचे दोन वाजले, आणि शेवटी कोण कुठल्या वेळचा हे जवळपास जुळलं. दुसऱ्या प्रकारात कागद पसरून काही हाती लागत नाही. तोवर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहा. माझ्या वहीत अशी अकरा आहेत.

वाद घालताना नाती दुखावतात. काही पथ्य?

आकडा बदलायला कुणाला भाग पाडू नका, दृश्य दाखवायला सांगा. "बकवास आहे" म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या मिनिटाला तुमचं मन उडालं? तो त्या मिनिटापर्यंत परत जातो आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. आणि ज्याने पहिल्यांदाच पाहिलाय त्याला आधी बोलू द्या. दहा वेळा पाहिलेला माणूस फार लवकर बोलतो. त्यात मीही आले.

कधीच विज्ञानपट न पाहिलेल्या आईवडिलांना कुठला दाखवू?

मी आईला 'गॅटाका' दाखवला. तिला जनुकांचं काही माहीत नव्हतं, पण पत्रिका जुळवून माणसं नाकारणं तिने जन्मभर पाहिलं होतं. अर्ध्या तासात ती म्हणाली, "म्हणजे ह्यांनी पत्रिका रक्तात शोधली." तिने आठ दिले. मी सात दिले होते, ते नंतर खोडून आठ केले.